रिमास्टरला पूर्ण भाव कशासाठी?

महोदय,

परीक्षा आटोपल्या की नागपुरात बर्डीवरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत पोरांबरोबर आईवडीलही दिसू लागतात. पाच हजारांच्या डिस्ककडे पाहून ते विचारतात, ‘हा तर जुनाच गेम ना?’ प्रश्न रास्त आहे.

जुने गेम ‘रिमास्टर’ किंवा ‘रिमेक’ म्हणून पुन्हा विकले जातात. रिमास्टरमध्ये गेमचा सांगाडा जुनाच असतो. रिझोल्युशन (चित्राचा रेखीवपणा), टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं), प्रकाश आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची म्हणजे फ्रेमची संख्या) तेवढे सुधारतात. रिमेकमध्ये बरंच काही नव्याने घडवतात. ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ मध्ये पीएस३ म्हणजे प्लेस्टेशन ३ या कन्सोलवर आला, २०१४ मध्ये पीएस४साठी रिमास्टर झाला आणि २०२२ मध्ये रिमेक होऊन पीएस५वर ४,९९९ रुपयांना विकायला आला. गोष्ट तीच, वाटाही त्याच. ज्याने आधीचे दोन घेतले, त्याच्याकडून तिसऱ्यांदा पूर्ण भाव घेणं मला पटत नाही. त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागाचा रिमास्टर २०२४ मध्ये आला, तेव्हा पीएस४ची प्रत असणाऱ्यांना तो १० डॉलरमध्ये मिळाला. याला म्हणतात व्यवहार! फक्त प्रत डिस्कवर असेल तर कन्सोलला डिस्क ड्राइव्ह लागतो आणि अपग्रेडनंतरही खेळताना दरवेळी डिस्क आत असावीच लागते. सेकंडहँड डिस्क घेऊन स्वस्तात अपग्रेड करू पाहणारे इथेच फसतात.

सगळ्यात वाईट नमुना ‘जीटीए’ (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेतल्या तीन जुन्या गेमच्या रिमास्टरचा, नोव्हेंबर २०२१ मधला. किंमत ६० डॉलर. टेक्श्चर सॉफ्टवेअरने मोठे केले, पण नीट तपासले नाहीत. ‘टफ नट’ या डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये बोल्टला लावतात तसा षटकोनी नट होता, ‘डोनट’मधल्या ‘नट’वरचा विनोद म्हणून. कोपरे गुळगुळीत होऊन त्याचं नुसतं गोल कडं झालं. पाटीतला विनोदच गेला. तिघांपैकी ‘सॅन अँड्रियास’मधलं धुकं विरळ केल्यावर उंचावरून अख्खा नकाशा दिसू लागला आणि मोठं वाटणारं राज्य अंगणाएवढं झालं. जुन्या मशीनची कमजोरी झाकणारं ते धुकं गेमला भव्यही करत होतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यात जुन्या आवृत्त्या आधीच डिजिटल दुकानांतून काढलेल्या. ओरड झाल्यावर पीसीसाठी परत ठेवल्या.

फ्रेमरेट वाढवणंही दिसतं तितकं सोपं नाही, हे कंपन्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. ‘डार्क सोल्स २’ पीसीवर सेकंदाला ६० फ्रेमने चालवला की शस्त्रं दुप्पट वेगाने झिजत, कारण झिजेचा हिशेब फ्रेमशी बांधलेला होता. अशा गाठी शोधून सोडवल्या असतील, तर त्या मेहनतीचे पैसे जरूर घ्यावेत.

पीसीवाल्यांनी घेण्याआधी कॉम्प्युटरमधली मोकळी जागाही पाहावी. २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ एका डीव्हीडीत मावायचा, २०२५ चा रिमास्टर शंभर जीबीच्या वर जातो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. मात्र गेम उघडल्यावर शेडर (प्रकाश-रंग दाखवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात जाणारा वेळही त्या दोन तासांत धरला जातो, तेव्हा मेनू उघडा ठेवून जेवायला जाऊ नये.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर