पौष्टिक म्हणून दिलेल्या कपातली साखर

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार.

चिन्मयला चॉकलेट फक्त रविवारी मिळतं, तरी दातांच्या डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलं. मग ही साखर येते कुठून, असं तू विचारलं आहेस. बहुतेक करून ती येते पेयांमधून आणि आपण पौष्टिक समजून देतो त्या डब्यांमधून.

आधी हिशेबाचं माप सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की, मुक्त साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी चांगलं. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला १५०० कॅलरी धरल्या, तर ५ टक्के म्हणजे जेमतेम १९ ग्रॅम. एका सपाट चमच्यात ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे पाच चमचेही नाहीत. वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस हे सगळं मुक्त साखरेत येतं. दुधातली मूळची आणि अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरायची नाही.

आता दुधाचा कप बघ. माल्टच्या पावडरीत १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम साखर लिहिलेली असेल आणि तू २० ग्रॅम पावडर घालत असशील, तर ७ ग्रॅम साखर तिथेच गेली. वर दोन चमचे साखर घातलीस की १५ ग्रॅम झाली, आणि अजून नाश्ताही व्हायचा आहे! पाकिटावरचं प्रमाण ग्रॅममध्ये मोजलेलं असतं, आपण घालतो अंदाजाने, शिगोशीग. म्हणून एकदा वजनकाट्यावर कप ठेवून नेहमीच्या हाताने पावडर घाल आणि आकडा बघ. मग आधी वरची साखर कमी कर: दोनाचे दीड चमचे, आठ-दहा दिवसांनी एक, मग अर्धा. ती पूर्ण सुटली की पावडरीला हात लाव. दोन्ही एकदम बंद केलंस तर तो दूधच नको म्हणेल, आणि हा घोळ फार घरांत होतो.

फळांच्या चवीच्या दह्याचं गणित सोपं आहे. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम दुधाचीच साखर असते. लेबलवर १३ असेल तर वरची ८ बहुतेक घातलेली. निम्मं साधं दही मिसळ, मग हळूहळू साध्याचं प्रमाण वाढव. गोडीसाठी पिकलेलं केळं कुस्करून घाल. ‘कमी फॅट’वर भुलू नकोस, स्निग्धांश काढल्यावर चव टिकवायला अनेकदा साखरच वाढवलेली असते.

साखर न घातलेल्या संत्र्याच्या रसातही २०० मिलीला १६ ते २० ग्रॅम साखर असते. तहानेला पाणी आणि भुकेला अख्खं फळ, हेच बरं. रस द्यायचाच तर छोटा पेला, निम्मं पाणी घालून, जेवणाबरोबर. बाटलीतून तासभर घोट घोट तर नकोच: प्रत्येक घोटाबरोबर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दातांवरचं कवच सावरायला वेळच मिळत नाही.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर चौथ्या क्रमांकावर दिसली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क अशी ती तुकड्या-तुकड्यांत विभागलेली असते. सगळी मिळून पहिल्या क्रमांकावरही जाऊ शकते. आकडे नेहमी १०० ग्रॅमचे वाच, कारण ‘एका वाढणी’चा आकार कंपनी ठरवते. केचपसुद्धा तपास, एका मोठ्या चमच्यात जवळपास ४ ग्रॅम साखर निघते.

साखरेऐवजी मध किंवा गूळ घालून काही साधत नाही. कृत्रिम गोडव्याने जिभेची गोडाची सवय तशीच राहते, आणि सॉर्बिटॉल, माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड पदार्थ) असलेल्या ‘शुगर फ्री’ गोळ्या जास्त झाल्या तर जुलाब होऊ शकतात.

रात्री दात घासल्यावर फक्त पाणी. खोकल्याचं गोड सिरप चालू असेल तर तेही घासण्याआधीच दे, आणि बिनसाखरेचं मिळतं का ते डॉक्टरांना विचार.

त्याच्या पावडरीच्या पाकिटावरची घटकांची यादी मला जशीच्या तशी उतरवून पाठव. कपाचं वजनही कळव, म्हणजे किती आणि कधी कमी करायचं ते नेमकं लिहिते.

तुझी,
वसुधा