कासचं पाणी आम्ही पितो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा लेख वाचला. पठारावरच्या फुलांविषयी छान लिहिलंय, लेखिकेचं मनापासून कौतुक. पण सोबतचा तो फोटो! कास तलावाच्या अगदी काठाला चूल मांडलेली, शेजारी गाडी उभी आणि खाली ओळ, 'निसर्गाच्या कुशीत'. रात्रभर राग गेला नाही, म्हणून लिहिते आहे.

उरमोडी नदीच्या उगमाशी अडवलेलं तलावाचं हे पाणी नुसत्या उतारानं साताऱ्यात येतं, पंप लागत नाही. कासच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या.

मागच्या मे महिन्यात नातीला घेऊन गेले होते. एकानं जीप पाण्यात घातलेली, साबण लावून धुणं चाललेलं. म्हटलं, "अहो, हे पिण्याचं पाणी आहे." तर म्हणतो, "मावशी, एवढ्या पाण्यात काय होतंय?" त्याच्याशी बोलत होते तोच मागे नात किंचाळली. फुटक्या बाटलीची काच टाचेत घुसली होती. यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत तिचा पाय माझ्या मांडीवर, पदर रक्तानं भिजलेला. ४ टाके पडले.

तिला दवाखान्यात तरी नेता आलं. काठच्या चिखलात गव्यांचे खूर उमटले होते, ते दाखवायलाच मी तिला पाण्याजवळ नेलं होतं. उन्हाळ्यात पठार वाळून जातं, तेव्हा गव्यांना, भेकरांना याच पाण्याचा आधार. गव्याच्या पायातली काच कोण काढणार?

२०१२ मध्ये पठार जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत तिथं शुल्क असतं, नोंदणी असते, आणि असायलाच हवी. तलावाची उंची वाढवली, साठा वाढला, त्याचाही आनंद आहे. पण त्या दिवशी काठावर आम्हाला कुणी हटकलं नाही, जीपवाल्यालाही नाही. गाड्या लांबच अडवा, काठाला स्वयंपाक बंद करा, आणि आपण असले फोटो छापू नका.

आणखी एक. याच विषयावर मी आधीही आपल्याला पत्र पाठवलं होतं. त्यातला काचेचा मजकूर गाळून फुलांवरच्या दोन ओळी तेवढ्या छापल्या होत्या. या वेळी जागा कमी पडली तर फुलांचं वाक्य काढा, जीपचं राहू द्या.

— एक निवृत्त शिक्षिका, यादोगोपाळ पेठ, सातारा