पेठेतल्या गाडीने रात्री वीज कुठून घ्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते त्यात किंमत, पल्ला आणि बॅटरीची हमी यांची चर्चा भरपूर असते. परंतु ज्याच्या घराला फाटक नाही, आवार नाही आणि ज्याची गाडी बारा महिने गल्लीतच उभी असते, त्याने ती चार्ज कशी करायची, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. कोल्हापुरात ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या बंगल्यांना हा प्रश्न पडत नाही. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेस या भागांत मात्र उंबरा ओलांडला की पाय थेट रस्त्यावर पडतो, आणि तिथे हा प्रश्न प्रत्येकापुढे आहे.

मी २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीची एक छोटी गाडी घेतली. पैसे भरल्यानंतर विक्रेत्याचा माणूस जागा पाहायला आला, गल्लीत उभे राहून त्याने एकदा माडीकडे आणि एकदा गटारीकडे पाहिले, आणि पार्किंग स्वतःच्या जागेत नसल्याने भिंतीवरचा चार्जर बसवता येणार नाही, असे सांगून तो निघून गेला. ही चौकशी पैसे घेण्यापूर्वी करायला कोणाची हरकत होती, हे मला अजून समजलेले नाही. मग गाडीबरोबर मिळालेली केबल माडीवरून खाली सोडून मी काम भागवू लागलो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम तीन किलोवॉट वीज मिळते, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. सलग इतका वेळ इतका भार वाहण्यासाठी आमच्या जुन्या घरातले वायरिंग केलेलेच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात सॉकेट काळे पडले. वायरमनने मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) बसवला, अर्थिंग नव्याने केले, आणि महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागला.

एवढे करूनही अडचण सुटली नाही, कारण ती विजेची नव्हतीच. गाडी माझ्या दारात उभी असेल तरच केबल पोहोचते, आणि सार्वजनिक रस्त्यावर माझे दार असले तरी दारापुढची जागा माझी नसते. रात्री दहाला घरी यावे तर तिथे दुसऱ्याच कोणाची तरी गाडी उभी असते, आणि त्याला दोष देण्याचा मला काहीही अधिकार नाही. शिवाय पावसाळ्यात रस्त्यावरून जाणारी जिवंत वायर, तिच्यावरून जाणारी दुचाकी आणि तिच्याशी खेळणारे गल्लीतले कुत्रे पाहून माझीच झोप उडाली. आता आठवड्यातून एकदा मी महामार्गावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर तास-दीड तास बसून राहतो. तिथला दर घरच्यापेक्षा चांगलाच महाग आहे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

सरकारी नियोजनाचा सगळा भर अशा केंद्रांवरच दिसतो. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शहरात तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग केंद्र असावे, असे म्हटले होते. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सात-आठ केंद्रे उभी राहिली की कागदावर आपले शहर सज्ज झाले. प्रवासात असलेल्या माणसाला अशी केंद्रे हवीतच. पेठेत राहणाऱ्याला मात्र वेगवान नव्हे, तर घराजवळचे आणि रात्रभर सावकाश चालणारे चार्जिंग हवे आहे.

त्यासाठी वीज अपुरी पडेल, अशी भीती घातली जाते. एका गल्लीतल्या वीस गाड्या एकाच वेळी लागल्या तर साठ-पासष्ट किलोवॉटचा भार वाढेल आणि १०० केव्हीएच्या डीपीला, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, तो झेपणार नाही, हे खरे. पण शहरात दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर फिरणारी गाडी पाच-सहा युनिटच वीज घेते, त्यामुळे तिला चार-पाच दिवसांतून एकदा रात्रभराचे चार्जिंग पुरते. वीस गाड्यांना पाच जागा पुरतील, आणि त्यांचा एकत्रित भार पंधरा-सोळा किलोवॉटच्या पुढे जाणार नाही.

परदेशातही हा प्रश्न आहेच. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतच चार्जिंगची सोय केली गेली. जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी आल्याने वाचलेला भार तिथे उपयोगी पडला. ॲमस्टरडॅममध्ये ज्याला स्वतःची पार्किंगची जागा नाही असा रहिवासी अर्ज करतो आणि पालिका त्याच्या घराजवळ सार्वजनिक चार्जर उभारते. आपल्याकडे दिव्याच्या डांबावरच्या वायरी इतका भार घेतील असे मला वाटत नाही, त्यामुळे लंडनची नक्कल करण्यात अर्थ नाही. अर्ज करण्याची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

वीज गल्लीत आणण्याचा अनुभव आपल्याला नाही असेही नाही. गणेशोत्सवात महावितरण मंडळांना तात्पुरती जोडणी देते आणि भर रस्त्यावरच्या मांडवात मीटर बसतो. दहा दिवसांसाठी जे जमते ते कायमचे का जमू नये? पेठांतल्या कित्येक तालमींपुढे थोडी मोकळी जागा असते आणि आजूबाजूच्या गाड्या रात्री तिथेच लागतात. चार्जिंग केंद्र चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. तेव्हा महापालिकेने जागेची परवानगी दिली तर एखादी तालीम स्वतःच्या नावावर जोडणी घेऊन चार-पाच सॉकेट चालवू शकेल. चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलची गाडी लावून ठेवणाऱ्यांचा उपद्रव सगळीकडे आहे, पण तालमीच्या पोरांनी एकदा सांगितल्यावर तशी गाडी तिथे दुसऱ्या रात्री दिसणार नाही, याची मला खात्री आहे.

बिंदू चौकातील वाहनतळ दिवसा अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्यांनी भरतो. रात्रीची जागा रहिवाशांना ठरावीक शुल्क घेऊन देता येईल. ठिकाणे निवडताना २०१९ आणि २०२१ चा महापूर मात्र विसरू नये. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी अशा सखल भागांत जमिनीलगत पेट्या बसवल्या, तर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर त्यांचे काय होईल, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

महापालिका आणि महावितरण यांनी एकत्र बसून एका पेठेत, एका तालमीपुढे पाच सॉकेटचा प्रयोग वर्षभर करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. निदान असा अर्ज कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या खिडकीवर द्यायचा, एवढे त्यांनी जाहीर करावे. आमच्या गल्लीतला पहिला अर्ज मी देईन.

आपला,
मंगळवार पेठेतील एक वाचक, कोल्हापूर