शोभेचं मशीन मागू नकोस

परभणी,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवं ऑफिस थाटलंस, वहिनींची तब्येतही सुधारली, वाचून बरं वाटलं. आता तुझ्या मागणीकडं येतो. रिसेप्शनच्या टेबलावर ठेवायला ‘एखादा अँटिक टाईपरायटर, शक्यतो इंग्रजी, पॉलिश केलेला, चालला नाही तरी चालेल’ असं लिहिलंस. गड्या, शेवटचे चार शब्द वाचून डोकंच फिरलं माझं. न चालणारं मशीन मी कुणालाच देत नाही आणि तुला तर मुळीच नाही. आपण दोघं एकाच बाकावर बसून टायपिंगची तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा पास झालो. चाळीसला तू दांडी मारलीस, ते सोड.

सोबतचा फोटोही पाहिला. विकणारा त्याला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतोय आणि समोर ठसठशीत गोदरेज लिहिलंय! गोदरेजनं पहिला टाईपरायटर काढला तोच मुळी १९५५ साली. इंग्रज जाऊन तोवर आठ वर्षं झाली होती. वर त्या भल्या माणसानं सगळ्या अंगाला सोनेरी स्प्रे मारलाय. तो रंग आत अक्षर उमटवणाऱ्या दांड्यांच्या खाचांत उतरला की मशीन कायमचं मुकं. काही जण तर बटणं उपटून त्यांच्या अंगठ्या नि कानातले करतात. त्यांच्याबद्दल पत्रात लिहिण्याजोगं मला काही सुचत नाही.

माझं ऐकशील तर मराठी मशीन घे. इंग्रजीचं काय, ऑलिव्हेट्टी म्हण, हर्मीस म्हण, ऑलिंपिया म्हण, जगभर त्यांचे वेडे बसलेत. त्यांचा स्क्रू न् स्क्रू कुणीतरी जपून ठेवलाय. आपल्या मशीनला मात्र आपल्याशिवाय वाली नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठीत यायला लागलं, तशी तहसील, झेडपी, कोर्ट, जिकडंतिकडं मराठी मशीनं आली आणि गावोगाव क्लास निघाले. पुढं परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली. गोदरेजनं २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. आता क्लास बंद पडला की पंधरा किलोच्या वरचं ते धूड भंगारवाला लोखंडाच्या भावानं नेतो. हिंदी मशीन आणून आपली गरज भागत नाही. त्यातल्या कित्येकांवर ळ सापडत नाही, आणि ल नि शही आपल्या वळणाचे नसतात.

शिवाय मराठी मशीनची करामतच वेगळी. इंग्रजीत सरळ हिशेब असतो. बटण दाबलं, दांडी उठली, रिबन वर आली, अक्षर रोलरवर आपटलं आणि कॅरेज, म्हणजे रोलर धरणारा वरचा सरकता भाग, एक घर डावीकडं सरकलं. कॅरेजला ओढते ती एक गुंडाळलेली स्प्रिंग, आणि एका वेळी एकच घर सोडायचं काम दातेरी चाकाचं. आपल्याकडं नव्वदच्या आसपास खुणांत सगळी बाराखडी, जोडाक्षरं नि आकडे बसवायचे. म्हणून अर्धा ण मारायचा, त्याला काना जोडायचा, की झाला पूर्ण ण. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. उकार, अनुस्वार, रफार ह्यांच्या डेड की. त्या दाबल्या तर दांडी आपटते, पण कॅरेज जागचं हलत नाही. नाहीतर उकार शेजारच्याच्या घरात जाऊन बसला असता. ही एवढीशी युक्ती बिघडली की मजकूर वाचता येत नाही. मशीन बघायला गेलो की मी पहिल्यांदा ‘जिंतूर पूर्णा कळमनुरी’ एवढंच टाईप करतो. पहिली वेलांटी, अनुस्वार, दोन्ही उकार, रफार, ळ, सगळ्यांची एका ओळीत हजेरी लागते. ती ओळ नीट उतरली तर गंज, तुटका पट्टा, वाळकी रिबन, कशाचीच काळजी नाही.

तुझ्यासाठी काढून ठेवलेलं मशीन बंद पडलेल्या एका क्लासचं. करडा गोदरेज. आणलं तेव्हा निम्म्या दांड्या वर जाऊन तिथंच थांबायच्या. अशा मशीनला लोक काय करतात, तेल ओततात! चार दिवस पळतं. मग तेलात धूळ बसते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा डिंक होतो. दांड्या ज्या खाचांत हलतात तिथं तेलाचा थेंबही नको, त्या कोरड्याच पाहिजेत. मी टर्पेंटाईन आणि जुना टूथब्रश घेऊन बसतो, अंगणात, विडी-काडीपासून लांब. थिनर वापरू नये, रंग आणि नावाची अक्षरं दोन्ही खातं. खाचांतून काय निघालं सांगू? खोडरबराचा चुरा, आणि वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू! खंडेनवमीला क्लासवाले ओळीनं सगळ्या मशीनांची पूजा करायचे, आठवतं ना? ते सगळं तेलात कालवून घट्ट बसलेलं. बाहेरचं साफ केलं, पण मागच्या पत्र्यावरचं कुंकवाचं बोट मी पुसलं नाही. तूही पुसू नकोस.

कॅरेजला स्प्रिंगशी जोडणारा पट्टा कुजला होता, तो बदलला. हे काम तू घरी करायला जाऊ नकोस. हातातून सुटली तर स्प्रिंग भर्रकन उलगडते आणि बोट फोडते. सगळ्यात चिवट दुखणं रोलरचं. रबर वाळून दगड झालं की अक्षर कागदाला भोकं पाडतं, अनुस्वार तर आरपार. छापखान्याचे रोलर मढवून देणारे संभाजीनगरला आहेत, पण जाडी जुन्याइतकीच नेमकी हवी, नाहीतर अक्षराचा ठसा अर्धाच उठतो. तोवर टाईप करायच्या कागदामागं आणखी एक जाड कागद घाल. क्लासमध्ये सर तेच सांगायचे आणि आपण कंटाळा करायचो.

रिबनची चिंता नको. १३ मिलिमीटर रुंदीची नायलॉन रिबन अजून मिळते, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचीही चालते. ती जुन्या लोखंडी स्पूलवर गुंडाळायची, आणि हात काळे करून घ्यायचे.

जाता जाता एक सांगतो. एका जुन्या वाड्याच्या माळवदावर उर्दू मशीन मिळालं. आपल्याकडं १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा कारभार उर्दूत, तेव्हा मिळणं नवलाचं नाही, पण हाताळताना मात्र गंमत वाटली. कॅरेज उजवीकडं पळतं! ओळ उजवीकडून सुरू होते ना. आणि उर्दूत आकडे लिहायचे डावीकडून, म्हणजे १९४८ मारायचं तर आधी आठ, मग चार. अक्षरं सुटसुटीत नस्ख वळणाची. नस्तालीकची, म्हणजे उर्दू एरवी लिहितात त्या वळणाची, ती तिरकी उतरण एकेका दांडीवर बसवणं ह्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचं. ते मशीन मी अजून पूर्ण उघडलेलं नाही. उर्दू वाचणारं कुणीतरी शेजारी बसल्याशिवाय नीट झालं की नाही हे कळणार कसं? पूर्वी गल्लीत चार जण मिळाले असते.

दिवाळीला ये, पण एसटीनं नको, गाडी आण. कॅरेज मधोमध आणून मी दोरीनं बांधून देईन, डिकीत आडवं टाकू नकोस. ऑफिसात खुशाल रिसेप्शनवर ठेव, पण शेजारी कोऱ्या कागदांची थप्पी असली पाहिजे आणि येईल त्याला हात लावू दे. पोरं दहा बटणं एकदम दाबतील, दांड्या एकमेकींत अडकतील. ओढायच्या नाहीत, एकेक बोटानं मागं सोडायची. तुला स्वतःला बोटं बसवायला आठवडाभर लागेल. बटणांकडं बघायचं नाही, हे विसरला नसशील तर.

पैशाचं काढू नकोस. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर झाली आणि गोदरेजचे रिकामे स्पूल दिसले, तर घासाघीस न करता उचल. झाकणासकट मिळाले तर दोन जास्तच.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू