काढलेला तुकडा तपासणीला पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला त्वचेच्या कर्करोगावरचा लेख वाचला. उन्हापासून जपा, तिळांवर नजर ठेवा, हे त्यात नीट सांगितले आहे. पण मेलानोमाबद्दल, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाबद्दल, एक गोष्ट राहून गेली. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कर्करोग मुळात कमी, आणि होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. टोपी-छत्री सांभाळणारेही टाच उलटून बघत नाहीत.

मी इंदुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. निदान डॉक्टरांचे; पण काढलेला तुकडा आधी आमच्या हाती येतो, तोही आला तर. आमच्या रामबागेतल्या एका काकूंच्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून एका ठिकाणी तो ब्लेडने तासून दिला, काही महिन्यांनी पुन्हा तासला. दोन्ही वेळा निघालेली कातडी कापसाच्या बोळ्यासकट कचऱ्यात गेली. पुढे जांघेत गाठ आली तेव्हा कुठे बायोप्सी झाली आणि मेलानोमा निघाला. ती कातडी पहिल्याच वेळी फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत पडायला हवी होती. हे मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

या रोगात सगळे जाडीवर ठरते. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिले की हा कर्करोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे, त्यावरून पुढचा धोका कळतो. आजही रिपोर्टात तो आकडा असतो. तुकडा मेणात बसवून आम्ही मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रे काढतो, ते कोमट पाण्यावर पसरून काचेवर घेतो, रंगवतो. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली वरून तळापर्यंत मोजतात. वरवर तासलेल्या कातडीला तळच नसतो. मोजणार कुठून? म्हणून संशय असला तर डाग शक्यतो पूर्ण, कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसह काढतात. जाडी एक मिलिमीटरच्या आत असेल तर नंतरच्या ऑपरेशनात भोवतालची साधारण एक सेंटिमीटर कातडी काढतात, दोनच्या वर असेल तर दोन सेंटिमीटर. रोग पसरताना आधी जिथे पोचतो ती जांघेतली किंवा काखेतली पहिली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासायची की नाही, हेही मुख्यतः त्याच आकड्यावर ठरते. पातळ असतानाच सापडला, तर बहुतेकांचे काम ऑपरेशनवर भागते.

‘तीळ, चामखीळ काढून मिळेल’ अशा पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. जाळलेल्या तिळाचे तपासायला काही उरत नाही. काळा डाग चामड्याच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कोणीही जाळू नये, असे माझे ठाम मत आहे. इंदूरच्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवता येते.

घाबरून जाऊ नका. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. मार लागून नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. पण मोठेपणी एकाच नखावर रेघ उमटली, रुंद होत गेली, तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, किंवा तळपायाचा डाग वाढत, चिघळत राहिला, तर थांबू नका. बायकांनो, नेलपॉलिश पुसून एकदा पायाची नखे उजेडात पाहा. कधी कधी हा रोग काळा नसतो, गुलाबी न भरणाऱ्या जखमेसारखाही दिसतो.

तुकडा लॅबमध्ये पोचवायचे काम पुष्कळदा नातेवाइकांवरच येते. तो सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आणू नका. दवाखान्यातच फॉर्मॅलिन मागा, तुकड्याच्या दसपट तरी हवे. फॉर्मवर ‘स्किन बायोप्सी’ एवढेच नको: कुठल्या पायाची कुठली जागा, डाग केव्हापासून वाढतो आहे, आधी कधी कापला होता का, हे लिहायला सांगा. रिपोर्ट आल्यावर मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड सांभाळायला हव्यात. रोग पसरलाच, तर ‘बी-रॅफ’ आणि ‘किट’ या जनुकांची तपासणी त्याच ब्लॉकवर करता येते, आणि गोळ्या लागू पडतील की इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढवणारे औषध) द्यायची, हे ठरवायला डॉक्टरांना ती लागते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
रामबाग, इंदूर