बोटावरची पट्टी

गुहागर

चि. मनीषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू भाजी निवडत होतीस तेव्हा बोटावरची पट्टी दिसली. विळीवर कापलं त्याला महिना होत आला ना? ‘सारखा पाण्यात हात असतो गं’ म्हणालीस आणि विषय बदललास. आधी साखर तपासून घे, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची, दोन्ही. तुझ्या आजीला होती, बाबांना आहे. यात टाळाटाळ ऐकून घेणार नाही.

साखर नीट आली तर पुढचं वाच. नाही आली तरी वाच.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे यजमान रोनाल्ड ग्लेझर यांनी मनावरच्या ताणाने शरीरात काय होतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. 1995 सालचा त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या 13 बायका घेतल्या, आणि साधारण त्याच वयाच्या, तेवढ्याच मिळकतीच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या आणखी 13. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली. मग तिचे फोटो काढायचे आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बघायचं. फेस यायचा थांबला की जखम भरली. इतकी साधी कसोटी, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा जमली असती! घरी आजारी माणसाचं करणाऱ्या बायकांना सरासरी 48.7 दिवस लागले, बाकीच्यांना 39.3.

26 बायकाच होत्या, प्रयोग लहानच म्हणायचा. पण पुढे त्यांच्याच गटाने दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम करून पाहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवढा वेळ लागला, त्याहून 40 टक्के जास्त परीक्षेच्या तोंडावर लागला. ती तर तरणीताठी पोरं. ताणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि जखमेपाशी पांढऱ्या पेशींना बोलावून आणणारी रसायनं कमी पडतात, असं त्याचं कारण सांगतात.

2005 सालचा प्रयोग जावईबापूंना वाचून दाखव. 42 जोडपी, प्रत्येकाच्या हातावर छोटे फोड आणलेले. एकदा गोडीत बोलायला लावलं, एकदा वादाच्या विषयावर. भांडणानंतर जखमा भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला, आणि जी जोडपी मुळातच एकमेकांवर खेकसत होती त्यांच्या जखमा तर आणखी रेंगाळल्या. ‘आईचं तूच छान करतेस’ एवढं म्हणून पेपर उघडणारा नवरा कुठल्या गटात मोडेल, ते त्यांनी तपासलेलं दिसत नाही.

विहीणबाईंचा मला राग नाही, हे तुला ठाऊक आहे. तिन्हीसांजा झाल्या की ‘म्हशी बांधल्या का?’ म्हणून त्या विचारत राहतात, आणि तू डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून ‘बांधल्या हो आई’ म्हणत राहतेस. दर वेळी त्याच स्वरात. मला नसतं जमलं. पण तुझी भजनी मंडळाची मंगळवारची फेरी बंद झाली, शेजारणीकडे चहा बंद झाला, माझे फोनसुद्धा तू घाईत उरकतेस. हे मात्र मला पटत नाही. माणसांत ऊठबस असणं हा काही चैनीचा भाग नव्हे. 1997 साली शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी 276 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा ज्यांची नाती तऱ्हेतऱ्हेची होती त्यांना सर्दी कमी झाली.

विहीणबाईंना इकडे आणू म्हणतेस, ते नको. जागा बदलली की त्यांचा गोंधळ वाढेल, शिवाय आमची विहीर अंगणातच. त्यापेक्षा मीच येते. आगोटीचं बरंचसं भरून झालंय, आमसुलं तेवढी वाळायची आहेत. ती बाबा वाळवतील. पाऊस आला तर आत घ्यायची अक्कल त्यांना आहे. चिपळूणहून गाडी पकडते. मी असेन तोवर संध्याकाळी पाच ते आठ विहीणबाई माझ्याकडे. मला म्हशींची बरीच माहिती आहे.

त्या वेळात तू स्वयंपाकघर आवरायला घ्यायचं नाहीस. भजनाला जा नाहीतर खुशाल झोप. आणि मी परत निघायच्या आत रविवारची पाळी जावईबापूंची, आंघोळ घालण्यापासून सगळी, हे ठरवून टाकू. तुला बोलवत नसेल तर मी बोलेन. मी त्यांच्या सासूबाई आहे, मला ते नाही म्हणू शकणार नाहीत.

साखरेचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक.

तुझी,
आई