चांद्रनिरीक्षण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

महोदय,

ऑनलाइन महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत ‘सूर्यमालेची ओळख’ हा विषय सोपे क्रेडिट म्हणून घेतला जातो. ग्रहांची नावे शाळेपासून पाठ असतात. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहायचे, क्विझ द्यायची, की झाले. प्रत्यक्षात गुण जातात ते चांद्रनिरीक्षणाच्या वहीत आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमाच्या गणितात. या दोन्हींबद्दल थोडे नेमके लिहितो.

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत 29.5 दिवस लागतात. ढगांत वाया जाणारे दिवस धरले तर वहीसाठी पाच-सहा आठवडे हाताशी हवेत, म्हणजे नाव नोंदवले त्याच आठवड्यात सुरुवात. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, रोज एकाच जागेवरून पाहावे. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि प्रकाशित भाग एवढेच टिपायचे. उंची मोजायला उपकरण लागत नाही: ताठ ताणलेल्या हाताची मूठ सुमारे 10 अंश, करंगळीची रुंदी 1 अंश. रोज त्याच वेळी पाहिले तर चंद्र सुमारे 12 अंशांनी, म्हणजे मुठीहून जरा जास्त, पूर्वेला सरकलेला दिसतो.

घोळ होतो तो पौर्णिमेनंतर. चंद्र दिवसाला सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे कृष्ण पक्षात संध्याकाळी तो आकाशात नसतोच. तरीही निरीक्षणाची वेळ न बदलता पंधरा दिवस ‘ढगाळ’, ‘दिसला नाही’ असे लिहिलेल्या वह्या येतात. तपासणाऱ्याला हे लगेच कळते! पौर्णिमा उलटली की निरीक्षण पहाटेवर न्यावे. कृष्ण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि दुपारपर्यंत आकाशात असतो. दिवसाउजेडी घेतलेली नोंदही चालते, किंबहुना ती जास्त शिकवते.

प्रकाशित बाजू ‘उजवी’, ‘डावी’ अशी लिहू नये. बऱ्याच पाठ्यपुस्तकांतली चित्रे उत्तरेकडच्या अक्षांशांवरून काढलेली असतात. विषुववृत्ताच्या जवळून तीच कोर होडीसारखी आडवी दिसते, आणि पुस्तकाशी जुळावे म्हणून विद्यार्थी पाहिलेले चित्र खोडतात. ‘सूर्याकडची बाजू’ किंवा ‘पश्चिमेकडची बाजू’ असे लिहिले की प्रश्नच मिटतो. स्टेलेरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर पडताळा घ्यावा, पण आधी ठिकाण आणि वेळक्षेत्र आपले घालून. आणि सॉफ्टवेअरमधली उंची वहीत उतरवू नये. मुठीने मोजलेले आकडे चार-पाच अंशांनी चुकतातच, दशांशापर्यंत बरोबर आलेली नोंदच संशय निर्माण करते.

आता गणित. सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूसाठी परिभ्रमणकाळाचा वर्ग म्हणजे सरासरी अंतराचा घन, मात्र काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककांत (1 एकक म्हणजे सुमारे 14.96 कोटी किमी) असेल तरच. मंगळाचे अंतर 1.524, त्याचा घन 3.54, आणि त्याचे वर्गमूळ 1.88 वर्षे. निम्मे विद्यार्थी वर्गमूळ विसरून 3.54 लिहून मोकळे होतात असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची: 14.96 कोटी म्हणजे 1.496 गुणिले 10 चा आठवा घात, तो देताना 1.496 नंतर थेट घातांकाची कळ दाबून 8 द्यायचा असतो; मध्ये ‘गुणिले 10’ टाइप केले की उत्तर दहापट होते.

तिसरी चूक जास्त खोल आहे. गुरूच्या चंद्रांना हेच सूत्र जसेच्या तसे लावतात. तिथे मध्यभागी सूर्य नाही, म्हणून अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागून जे उरते ते गुरूचे वस्तुमान, सूर्याच्या तुलनेत. गुरूचा चंद्र आयो घ्या: त्याचे गुरूपासूनचे अंतर 0.00282 एकक, काळ 1.77 दिवस म्हणजे 0.00484 वर्षे, भागाकार सुमारे 0.00096. गुरू सूर्याच्या साधारण हजाराव्या भागाएवढा आहे हे इतक्या थोडक्यात निघते. अख्ख्या अभ्यासक्रमात एकच गणित कागदावर सोडवायचे असेल तर हे सोडवावे.

पाठांतरावर मात्र वेळ घालवू नये. शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या मार्च 2025 मध्ये 274 झाली, ती पुढेही बदलेल. त्यापेक्षा बुधाची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) 5.4 आणि शनीची 0.7 का, किंवा बुध सूर्याला जवळ असूनही शुक्राचा पृष्ठभाग जास्त तापलेला (सुमारे 465 अंश सेल्सिअस) का, हे सांगता यायला हवे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, एवढे लक्षात ठेवले तरी ऋतूंवरच्या प्रश्नात चूक होत नाही.

वृत्तपत्रांकडूनही एक-दोन अपेक्षा आहेत. ‘सर्व ग्रह एका रेषेत’ अशी बातमी देताना, ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच प्रतलात असल्याने (सर्वांत कललेल्या बुधाची कक्षाही पृथ्वीच्या कक्षेशी फक्त 7 अंशांचा कोन करते) ते आकाशात नेहमीच एका पट्ट्यात दिसतात, हे एका वाक्यात सांगावे. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये सुमारे तीस पृथ्व्या ओळीने मावतात. दोघांना चिकटवून काढलेल्या चित्राखाली ‘अंतर प्रमाणात नाही’ असे छापावे. आणि सूर्योदय-सूर्यास्ताशेजारी चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळाही रोज द्याव्यात. वही लिहिणाऱ्यांना कृष्ण पक्षात त्याच लागतात.

– खगोलशास्त्राचे एक अध्यापक